आईच्या खोलीचा नंबर

मी बीडमध्ये दारांना आकड्यांची कुलपं बसवते. किल्लीची नव्हेत, बटणं दाबली की उघडतात ती. नवरा काचेची आणि ॲल्युमिनियमची कामं घेतो. त्याच्याच दुकानाच्या अर्ध्या भागात माझं टेबल आहे आणि टेबलावर नमुन्याचं एक दीड फुटाचं दार उभं केलेलं आहे. ते दार कुठल्याच खोलीत उघडत नाही, तरी दुकानात येणारा प्रत्येक माणूस नंबर दाबून ते एकदा उघडतो आणि पलीकडे डोकावतो. पलीकडे माझा जेवणाचा डबा असतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मी हे काम खोक्यातल्या कागदांवरून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंवरून शिकले. पहिलं कुलूप बसवलं ते आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराला. भोक इंचभर वर पडलं. त्याच्यावर स्टीलची पट्टी मारलेली आहे, आणि ती कशाची म्हणून पाहुण्यांनी विचारलं की नवरा मोठ्या आनंदानं सांगतो. पुढे हात बसला. एका दवाखान्याची औषधांची खोली झाली, एका क्लासचं ऑफिस झालं, दोन ब्यूटी पार्लर झाली. तरी अजूनही मी ड्रिल मशीन घेऊन दारात उभी राहिले की घरमालक माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "कुलूप बसवणारा माणूस कवा येणार?" मी म्हणते, "आलाय."

एका दुपारी अडीचच्या सुमाराला आईचा फोन आला. आई त्या वेळेला कधी फोन करत नाही.

"तुपल्याकडं ते आकड्याचं कुलूप असतंय ना?"

"असतं. कुणाला पाहिजे?"

"मला."

माझं माहेर धारूरच्या अलीकडच्या एका गावात. वडिलांना सगळा भाग अण्णा म्हणतो, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणतो. शेती बऱ्यापैकी. अण्णा एकदा निवडून आले आणि नंतर दोनदा पडले, पण लोकांची कामं करायचं त्यांनी सोडलं नाही आणि लोकांनीही कामं घेऊन यायचं सोडलं नाही. घर साधं स्लॅबचं, एका ओळीत चार खोल्या आणि पुढे लांब ओसरी. ओसरीवर प्लास्टिकच्या बारा खुर्च्या. पुढाऱ्याच्या घरातलं एकही दार लावलेलं दिसू नये, असं अण्णांचं मत. त्यामुळं येणारा माणूस ओसरीवरून सरळ आत येई. कुणी आरशात केस विंचरी, कुणी पिशवी ठेवून जाई, कुणी फ्रिजमधलं पाणी घेई. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

त्या दिवशी झालं होतं ते असं. पहाटे चारला उठलेली आई सगळं आवरून दोनला तिच्या खोलीत जरा आडवी झाली. तिला डोळा लागला. थोड्या वेळानं जाग आली तेव्हा पायथ्याच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला आणि दुसरा तिच्या लोखंडी पेटीवर. दोघंही परगावचे, ओळख ना पाळख. भिंतीवरच्या बोर्डाला त्यांचा मोबाईल लावलेला होता. आईनं डोळे उघडलेले बघून पेटीवरचा माणूस हळूच म्हणाला, "झोपा काकू, झोपा. आमचं काय न्हाई. चार्जिंग व्हायलीय."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"उठले आन त्यांना च्या करून दिला," ती म्हणाली. तिला खरा राग त्याचाच आला होता, हे आवाजावरून कळत होतं.

"आतून कडी लावायचीस ना."

"लावलती परवा. लोकांनी कडी वाजवून वाजवून इचारलं, काकू बऱ्या हायत का? दार लागलेलं दिसलं की त्यांना वाटतंय आत कुणी आजारी हाय. आन मी खोलीत नसले की मग कोण कडी लावणार? आल्यावर बघते तर माझ्या गादीवर कुणाचीतरी फाईल."

"मग साधं कुलूप लाव."

"त्याची किल्ली अण्णा मागतेत. अण्णांकडून ड्रायव्हरकडं, ड्रायव्हरकडून ज्याला पाहिजे त्याला. किल्ली हातात धरता येती म्हणून ती फिरती. आकडा मपल्या डोक्यात राहील." मग म्हणाली, "आपल्या गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातेत. त्यांच्या घराला सहा-सहा महिने कुलूप असतंय. मला दोन तास पाहिजे."

मी दाराची माहिती विचारायला लागले. दार जाड किती आहे, बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत, आत उघडतं की बाहेर. आई म्हणाली, "उजव्या हातात ताट असलं की डाव्या हातानं ढकलायचं." एवढ्यावरून मला कुलूप उजव्या हाताचं मागवायचं की डाव्या हाताचं, ते ठरवता येईना. शेवटी तीच म्हणाली, "मीच येते. डोळे तपासायचेत म्हणून सांगते घरी."

ती अण्णांच्याच जीपमधून आली. ड्रायव्हर हा पन्नाशीचा माणूस, अण्णांबरोबर वीस वर्षं आहे आणि त्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचते. आईनं त्याला समोरच्या हॉटेलात चहाला बसवलं, दुकानात आली आणि कमरेच्या पिशवीतून एक सुतळी काढून टेबलावर ठेवली. सुतळीला दोन गाठी होत्या. त्या दोन गाठींमधलं अंतर म्हणजे दाराची जाडी. मी पट्टीनं मोजलं, बरोबर दीड इंच. बिजागऱ्या कुठल्या बाजूला, ते तिनं नमुन्याच्या दारासमोर उभं राहून, हातात ताट धरल्यासारखं करून दाखवलं. मी लिहून घेतलं.

मग निवडायची वेळ आली. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. तिनं दोन तास घेतले.

पहिल्यांदा मी बोटाच्या ठशाचं कुलूप दाखवलं. आईनं अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. दुसरं बोट ठेवलं, पुन्हा लाल. तिचे हात राखेनं भांडी घासून आणि विळ्यानं कडबा कापून इतके गुळगुळीत झालेत की मशीनला तिथं ठसा सापडेना. मी ओल्या कपड्यानं तिचं बोट पुसलं, कोरडं केलं, तेव्हा कुठं दार उघडलं. आई म्हणाली, "दर येळी बोट पुसत बसू का?" ते बाजूला ठेवलं.

मोबाईलवरून उघडणारं तिनं बघितलंच नाही. "मोबाईल कुणाच्या हातात असतोय ते तुला ठाव हाय." आईचा मोबाईल दिवसभर ओसरीवरच्या कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो. त्यांच्या फोनला रेंज नसते, तिच्या फोनला असते.

मग काचेचं, काळं, चकचकीत. हात फिरवला की आकडे उजळतात. माझ्या नवऱ्याला ते फार आवडतं. तो आतून मुद्दाम येऊन म्हणाला, "आत्या, हेच घ्या, लई भारी दिसतं." आईनं नखानं दोनदा टोकरलं, काहीच झालं नाही. "जावईबापू," ती म्हणाली, "हे तुमच्या दुकानातच शोभून दिसतंय. राहू द्या."

एक बिनसेलचं होतं, नुसत्या खटक्यांवर चालणारं, दणकट. ते तिच्या मनात भरलं. तिनं आठ-दहा वेळा खटखट केलं. पण त्याचा नंबर बदलायचा तर अख्खं कुलूप दारातून काढावं लागतं, हे मी सांगितलं. "म्हंजे नंबर फुटला की तुला बोलवायचं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं ते हळूच मागे सरकवलं.

शेवटी तिनं घेतलं ते अगदी साधं. करड्या रंगाचं, उठावाची रबरी बटणं, खाली लांब दांडा. बोटाला बटण कळतं, आणि दाबलं की टिक वाजतं. दार लोटलं की आपोआप लागतं.

"लाईट गेल्यावर?"

"पेन्सिल सेलवर चालतं. चार सेल."

"सेल संपल्यावर?"

"संपायच्या आधी महिनाभर ते कुरकुर करतं."

"माझ्यासारखं," आई म्हणाली. "आन आपण ध्यान दिलं न्हाई तर?"

"तर खाली ही दोन टिकल्यांसारखी टोकं आहेत. त्याला बाहेरून चौकोनी सेल टेकवायचा, की तेवढ्यापुरतं चालू होतं. शिवाय अडचणीसाठी दोन किल्ल्या येतात."

किल्ल्या बघून तिचा चेहरा उतरला. मग तिनं दोन्ही माझ्याकडे सरकवल्या. "तूच ठेव. घरात ठेवली की कुणाला तरी सापडती."

"अण्णांना सांगितलंस का?"

"दार बघितलं की कळंल," ती म्हणाली आणि डोळे तपासायला गेली. खरंच तपासून आली. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

दिवाळी उरकल्यावर मी गावी गेले. ते दिवस माहेरी फार गर्दीचे. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, कोण कुठल्या मुकादमाबरोबर जाणार याचे वाद असतात, आणि ते सगळे वाद अण्णांच्या ओसरीवर येतात. बाराही खुर्च्या भरलेल्या, उरलेले लोक पायऱ्यांवर. कुणीतरी डोंगरातली सीताफळं पाटी भरून आणलेली आणि सगळे बिया अंगणात थुंकत बोलत होते. माझ्या हातातली मोठी पिशवी बघून एक जण म्हणाला, "ताई माहेरपणाला आल्या." मी हसले आणि आत गेले. अण्णा फोनवर होते. त्यांनी हात वर केला.

मी जुनी कडी काढली, कागदाचा साचा दाराला चिकटवला, पेन्सिलनं खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. दार चांगल्या सागवानाचं होतं. पहिल्या आवाजाला ओसरीवरची चर्चा थांबली. दुसऱ्या आवाजाला माणसं दारात आली.

मी दवाखान्यांत काम केलंय, बाजारात केलंय, पण एवढे सल्लागार मला कुठं मिळाले नाहीत.

"ताई, भोक जरा खाली घ्या."

"खाली कावून? वाकावं लागंल."

"लाकूड फाटंल बघा, दमानं."

एक म्हातारे मुकादम मात्र काही न बोलता पुढे आले आणि दार दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. दार हलायचं थांबलं. कडेला पटाशीनं खाच पाडायचं काम त्यांच्यामुळंच सरळ झालं. बाकीच्यांना आईनं पहिल्यांदाच चहा विचारला नव्हता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

फोन संपवून अण्णा आले. लोकांनी वाट दिली.

"काय चाललंय हे?"

माझ्या तोंडात स्क्रू होते. आई म्हणाली, "कुलूप बसवायलीय ती."

"कावून?"

"मला झोपायचंय."

अण्णा लोकांकडे वळून हसले. सभेत हसतात तसं. "झोपायला कुलूप लागतंय व्हय?"

कुणीच हसलं नाही. दार धरून उभे असलेले मुकादम म्हणाले, "लागतंय अण्णा. आमच्या घरी बी लागंल." अण्णांनी विषय बदलला आणि सगळ्यांना घेऊन ओसरीवर गेले. पण थोड्या वेळानं एकटे परत आले आणि माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुला कळत न्हाई. माझ्या घरात कुलूप आलं म्हंजे लोक म्हणणार, आत कायतरी आलं."

"आत आई आहे, अण्णा."

"ते मला ठाव हाय. लोकांना कोण सांगणार?"

कुलूप बसलं. दार उघडं ठेवूनच मी दहा वेळा तपासलं. बंद करून तपासायची घाई करायची नसते, हे मी एका क्लासच्या ऑफिसात स्वतःला कोंडून घेऊन शिकले आहे. मग नंबर घालायची वेळ आली. गिऱ्हाईक नंबर घालतं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करते, हा माझा नियम आहे, आणि आईसाठी मी तो मोडला नाही. चारपासून आठपर्यंत कितीही आकडे चालतात एवढं सांगितलं आणि वळले. मागून टिक टिक ऐकू आलं. किती वेळा, ते मला कळलं. तेवढंही मी इथं सांगणार नाही.

अण्णांचं म्हणणं आठवड्याभरात खरं झालं. चौसाळ्याला एका खताच्या दुकानात मी काम करत होते, तेव्हा दुकानदारानं मला विचारलं, "धारूरकडच्या एका पुढाऱ्यानं म्हणं लोखंडाची खोली बांधलीय. बोटाचा ठसा लागतोय, आवाज ओळखतीय, डोळा बी दाखवावा लागतोय. तसलं बसवता का तुमी?"

"ते मीच बसवलंय," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. त्यानं गोडाऊनसाठी आणखी एक कुलूप सांगितलं. मी खोटं काही बोलले नव्हते, फक्त गप्प राहिले होते. अण्णांना हे अजून माहीत नाही.

त्यानंतर एका सकाळी अण्णांचा फोन आला.

"बाई, माझं आन तुझ्या आईचं लग्न कोणत्या तारखेला झालतं गं?"

"का हो?"

"एक फॉर्म भरायचाय."

"फॉर्ममध्ये लग्नाची तारीख विचारतात?"

"आता सगळंच इचारतेत."

मला तारीख पाठ होती. लग्नाची पत्रिका लहानपणी मी पेटीत बघितली होती. मी सांगितली. पुढचं मला आईकडून कळलं. त्या दुपारी ती आत पडलेली असताना बाहेरून टिक टिक सुरू झालं. नंबर चुकल्याचा आवाज झाला. मग पुन्हा टिक टिक. लग्नाची तारीख झाली, माझी जन्मतारीख झाली असावी, मग माझ्या भावाची. तिची जन्मतारीख अण्णांना माहीत नव्हती. ती तिलाही माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, तोही त्यांनी दाबून बघितला. चार वेळा चुकल्यावर कुलूप मोठ्यानं ओरडतं आणि काही मिनिटं बंद पडतं. ते ओरडलं.

"मी आत पडल्या पडल्या मोजत होते," आई म्हणाली. "मग बाहेरून आवाज आला, मी हाय. म्हटलं, मी कोण?"

"असं म्हणालीस?"

"म्हटलं ना. मग ते नुसते हुबे राहिले. मलाच कसंतरी झालं. उघडलं."

अण्णा आत आले. खुर्चीवर बसले. पंखा चालू होता, बाहेरचे आवाज अर्धे झाले होते. त्यांनी चपला काढल्या, जरा पाठ टेकतो म्हणाले, आणि पावणेपाचपर्यंत झोपले. ओसरीवर लोक त्यांना शोधत होते. ड्रायव्हर जीप घेऊन मळ्यात जाऊन आला. अण्णा घरातच आहेत, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "त्यात दुसरा नंबर बसतोय का?"

बसतो. त्या कुलपात वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे नंबर राहतात. आईनं थोडा विचार करून परवानगी दिली. मी भिंतीकडे वळणार एवढ्यात अण्णा मोठ्यानं म्हणाले, "माझं मताधिक्य घाल." म्हणजे ते जितक्या मतांनी निवडून आले होते तो आकडा.

"तो सगळ्या तालुक्याला पाठ हाय," आई म्हणाली. "दुसरा घ्या."

अण्णांनी दुसरा घेतला. आईला नंबर काढून कसा टाकायचा, हेही मी त्याच वेळी दाखवलं. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं.

अण्णांचा नंबर तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी ते अंबाजोगाईला गेले, ते दुसऱ्या कुणाच्या गाडीतून. रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं की कागद वाचायचा चष्मा आत राहिलाय. त्यांनी ड्रायव्हरला फोन केला. ड्रायव्हर ओसरीवर बसला होता, आणि त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. अण्णाही फोनवर सभेइतक्याच मोठ्यानं बोलतात. "आरं, चष्मा आत हाय. आकडे लिहून घे," म्हणत त्यांनी एक एक आकडा सावकाश, दोनदा सांगितला. ओसरीवर चौदा माणसं होती. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तिलाही ते ऐकू गेलं.

मला तिचा फोन आला. तव्यावरची भाकरी तशीच असावी, कारण ती घाईत होती.

"एक माणूस काढायचा म्हंजे आधी तीन दाबायचं का चार?"

"कुणाला काढायचंय?"

"अण्णांना."

मी सांगितलं. ड्रायव्हर दारापाशी पोचायच्या आत तिनं नंबर काढला, चष्मा स्वतः आणून त्याच्या हातात दिला आणि परत भाकरीला बसली.

संध्याकाळी अण्णा आले, बटणं दाबली, लाल दिवा लागला. त्यांना वाटलं आपण विसरलो. पुन्हा दाबलं. आई आतून म्हणाली, "दार वाजवा की." झालेलं सगळं तिनं त्यांना सांगितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी ड्रायव्हरला बोलावून एवढंच विचारलं, "फोन स्पीकरवर कावून ठेवतोस बे?" आणि विषय संपवला. तिसरा नंबर त्यांनी मागितला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या घरातलं दार त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. ते आता बोटाच्या पेरानं दोनदा हळूच वाजवतात, आणि आत जागा असेल तर आई उघडते.

लोकांचाही प्रश्न उरला होता. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त मोबाईल लावायला जागा हवी होती. आईच्या सांगण्यावरून मी ओसरीच्या भिंतीवर सहा पॉइंटचा बोर्ड बसवला आणि खाली फळी ठोकली. पहिल्याच दिवशी सहाही भरले. शिवाय एक आरसा लावला. त्यानंतर आत यायचं कारणच बऱ्याच जणांना राहिलं नाही.

लोखंडी खोलीची गोष्ट मात्र काही थांबत नव्हती. ती आईनं संक्रांतीला थांबवली. हळदीकुंकू दरवर्षी ओसरीवर होतं, त्या वर्षी तिनं ते तिच्या खोलीत ठेवलं. बायका चार-चार, पाच-पाच करून आत आल्या. आत होतं काय, तर एक पलंग, पंखा, पेटी, पाण्याचा तांब्या आणि खुंटीला अडकवलेली दोन लुगडी. संध्याकाळपर्यंत घरोघरी पुरुषांना कळलं की आत काहीच नाही. काही जण म्हणाले, होतं ते हलवलं. पण त्यांच्याही म्हणण्यात जोर नव्हता.

बायकांनी मात्र पलंग आणि पेटी फारशी बघितलीच नाही. त्या दार बघत होत्या. एकीनं दोनदा लोटून लावून बघितलं. पुढच्या महिन्यात मला त्या गावातून पाच फोन आले. एका शिक्षिकेनं तिच्या अभ्यासाच्या खोलीला बसवून घेतलं. एकीला बाथरूमला पाहिजे होतं, तिला मी साधी आतली कडीच पुरेल म्हणून सांगितलं. एकीनं विचारलं, "फ्रिजला बसतंय का?" तिच्या घरी तीन दीर आहेत. मी तिला फ्रिजची जाडी सुतळीवर मोजून पाठवायला सांगणार होते, पण तिची चेष्टा केल्यासारखं होईल म्हणून गप्प बसले आणि खरोखर चौकशी केली. नीट बसत नाही. तिला मी स्वयंपाकघराच्या कपाटाला लावायचं छोटं कुलूप दिलं. त्यातच ती दही-दूध सोडून बाकीचं ठेवते.

यंदा उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी राहिले. दुपारी आईनं मला आत घेतलं. दोघी पलंगावर आडव्या झालो. ती तिच्या आईबद्दल काहीतरी सांगत होती, मध्येच बोलणं थांबे, मला वाटे झोपली, मग पुन्हा पुढचं वाक्य येई. तेवढ्यात दार दोनदा वाजलं.

"आज जागा न्हाई," आई पडल्या पडल्या म्हणाली. "लेक आलीय."

"बरं," बाहेरून अण्णा म्हणाले.

त्यांच्या चपलांचा आवाज ओसरीकडे गेला. उन्हामुळं त्या वेळी ओसरीवर कुणी नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी खुर्ची, ती बहुतेक पाय ठेवायला. थोड्या वेळानं घोरणं ऐकू यायला लागलं.

आई म्हणाली, "बाहेरचा पंखा लावून ये त्यांना."

मी उठले, पंखा लावला. अण्णांच्या छातीवरचं वर्तमानपत्र उडून खाली पडलं. ते उचलून मी बाजूच्या खुर्चीवर ठेवलं, त्यावर त्यांचा चष्मा ठेवला, आणि आत येऊन झोपले.